नेब्रास्काच्या फुटबॉलला जुने दिवस परत येतील का?

लिंकनवासी

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त झालं २०२६ च्या जानेवारीतल्या अंतिम सामन्याचं. इंडियाना विद्यापीठाने मायामीला २७-२१ असं हरवलं आणि हंगामात एकही सामना न गमावता, १६-० अशा कामगिरीवर, कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे विद्यापीठ-संघांच्या अमेरिकन फुटबॉलचं, राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी सांगतो, इतिहासात सर्वांत जास्त सामने हरलेल्या मोठ्या संघांची यादी काढली की कालपरवापर्यंत इंडियानाचं नाव अगदी वर असायचं. हंगामातले पाच-सहा सामने जिंकले तरी तिथे आनंद व्हायचा. आणि तो संघ विजेता झाला!

घरातले सगळे झोपले होते. सामना संपल्यावर मी टीव्ही बंद केला आणि तसाच बसून राहिलो. मनात एकच विचार होता, यांना दोन वर्षांत जमलं ते आम्हाला वीस वर्षांत का जमत नाही?

आम्ही म्हणजे नेब्रास्का विद्यापीठ. लिंकन गावातला लाल रंगाचा संघ, कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत ६० विजय आणि फक्त ३ पराभव. १९९५ चा संघ तर अनेक जाणकारांच्या मते आजवरचा सर्वोत्तम. त्या अख्ख्या हंगामात कुठलाही सामना १४ पेक्षा कमी गुणांच्या फरकाने जिंकावा लागला नाही. अंतिम लढतीत फ्लोरिडाचा ६२-२४ असा धुव्वा. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, टॉमी फ्रेझरची त्या सामन्यातली ७५ यार्डांची धाव अजूनही लावून बघतो मी. एकामागून एक माणसं त्याला लोंबकळतात, आणि तो त्यांना झटकत निघून जातो.

मी २००९ च्या ऑगस्टमध्ये शिकायला इथे आलो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. त्याच डिसेंबरात टेक्सासविरुद्ध बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, अंतिम सामना होता. आमच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीला टेकून पंधरा-वीस जण बसले होते. एन्डामुकाँग सू नावाचा आमचा बचावपटू एकटा टेक्सासला आवरत होता, साडेचार वेळा त्याने क्वार्टरबॅकला आडवा केला (अर्धी म्हणजे दुसऱ्याबरोबर मिळून). घड्याळ शून्यावर आलं, आम्ही १२-१० ने जिंकलो, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मग पंचांनी व्हिडिओ पाहून घड्याळात एक सेकंद परत टाकला. त्या एका सेकंदात टेक्सासने फील्ड गोल, म्हणजे तीन गुणांची किक, मारला. १३-१२. खोलीत कोणी बोलेना. शेजारचा दाढीवाला मुलगा, पश्चिम नेब्रास्कातल्या शेतकऱ्याचा, उठून बाहेर थंडीत नुसताच उभा राहिला. त्या रात्रीपासून मी यांचा झालो.

तर विचारतो. परत येतील ते दिवस? की आपण सगळे आठवणींवर जगतोय? मनापासून लिहा.

ओमाहाकर

धागा काढलात, फार बरं केलंत. मी १९९६ साली ओमाहाला नोकरीसाठी आलो, म्हणजे शेवटची दोन वर्षं का होईना, टॉम ऑस्बर्नचा संघ खेळताना या डोळ्यांनी पाहिला.

शनिवारी सामना असला की आय-८० महामार्ग लाल व्हायचा. आजही होतो. मैदानात नव्वद हजारांच्या आसपास माणूस जमतं, म्हणजे त्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर हे स्टेडियमच. नोव्हेंबर १९६२ पासून मेमोरियल स्टेडियमचा एकही सामना तिकिटं शिल्लक राहून झालेला नाही. चारशेहून अधिक सामने झाले आता. अख्ख्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आत-बाहेर, मोठ्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही, डोंगर नाही, समुद्र नाही. जे काय आहे ते हेच.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: घात २००३ साली झाला. ऑस्बर्न २५ वर्षं कोच होते, प्रत्येक हंगामात किमान नऊ विजय. त्यांनी आपल्या हाताखालच्या फ्रँक सोलिच यांच्याकडे संघ सोपवला. सोलिच यांची सहा वर्षांतली कामगिरी ५८ विजय, १९ पराभव. २००१ मध्ये एरिक क्राउचला हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला, संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. २००३ चा नियमित हंगाम ९-३ असा संपला आणि नव्या ॲथलेटिक डायरेक्टरने त्यांना काढलं. नऊ सामने जिंकलेल्या माणसाला! तेव्हापासून आजपर्यंत आपल्याला नऊ विजय म्हणजे सण वाटतो. चालत्या गाड्याला खीळ घातली आपणच.

त्यांच्या जागी बिल कॅलाहन आले. धावण्यावर उभा राहिलेला संघ पास टाकायला लागला. ३५ वर्षं सलग बाउल, म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना, खेळणारा संघ २००४ मध्ये घरी बसला. २००७ मध्ये कॅन्ससने आपल्यावर ७६ गुण चढवले. कॅन्ससने. मी तो सामना अर्ध्यात बंद केला, आयुष्यात पहिल्यांदा.

ह्यूस्टनवाला

ओमाहाकर, तुमच्या दुःखाचा आदर आहे, पण एका माणसाला काढलं म्हणून वीस वर्षं कोणी बुडत नाही. मी टेक्सासचा पाठीराखा, तो एक सेकंद आमच्या बाजूने गेला हे कबूल. तरी जरा बाहेरून बघा.

तुमची अडचण भूगोल आहे. हा खेळ १७-१८ वर्षांच्या पोरांवर चालतो आणि ती पोरं टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया इथे पिकतात. इथे ह्यूस्टनच्या आसपासच्या शाळांत शुक्रवारी रात्री जे फुटबॉल होतं ते पाहून मी थक्क झालो होतो. तुमच्या राज्यात वर्षाला अव्वल दर्जाची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फ्रेझर फ्लोरिडाचा, माइक रोझियर न्यू जर्सीचा. म्हणजे तुम्हाला नेहमीच बाहेरून आणावं लागलं.

ज्या मोठ्या घराण्यांनी पुनरागमन केलं ती पाहा. ओक्लाहोमा १९८५ ला विजेती, नव्वदच्या दशकात वाताहत, १९९९ ला बॉब स्टूप्स आले आणि दुसऱ्याच हंगामात विजेतेपद. अलाबामाने २००७ मध्ये निक सेबन यांना आणलं, पहिल्या वर्षी ७-६, लुइझियाना-मनरोकडून घरच्या मैदानावर हार. २००९ ला विजेतेपद. या दोघांच्या अंगणात किंवा कुंपणापलीकडे गुणवत्तेच्या खाणी आहेत. तुम्ही २०११ मध्ये बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेलात आणि टेक्सासमध्ये दरवर्षी खेळायला यायचं कारणच संपलं. इथल्या आईवडिलांना आपला मुलगा गाडीने जाऊन बघता आला पाहिजे. आयोवा सिटी आणि मॅडिसनला कोण जाणार?

आणखी एक. जुन्या बिग एट कॉन्फरन्समध्ये शालेय गुणांच्या अटीत थोडक्यात कमी पडलेल्या मुलांना घेता यायचं. नेब्रास्काने त्याचा भरपूर फायदा करून घेतला. १९९६ मध्ये टेक्सासचे संघ आले, बिग ट्वेल्व्ह झाली, आणि ती वाट बरीच अरुंद केली गेली. ते आमच्या लोकांनीच केलं, हेही मान्य.

नवखा

नमस्कार. मी नुकताच एम.एस.साठी लिंकनला आलोय. खोलीतला अमेरिकन मुलगा रोज या विषयावर बोलतो आणि मला निम्मं कळत नाही. वॉक-ऑन म्हणजे काय? आणि एक साधा प्रश्न, ज्या राज्यात मुलंच नाहीत तिथला संघ मुळात इतका मोठा झालाच कसा?

लिंकनवासी

नवखा, स्वागत. तुमच्या साध्या प्रश्नातच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६२ मध्ये बॉब डेव्हेनी आले तेव्हा संघ गाळात होता. त्यांच्या हाताखाली ऑस्बर्न, आणि १९७३ पासून ऑस्बर्न स्वतः कोच. म्हणजे १९६२ ते १९९७, छत्तीस वर्षं एकच घर, एकच रीत. सहायकही तेच. आक्रमणाची पहिली फळी घडवणारे मिल्ट टेनोपिर १९७४ ते २००२, बचाव सांभाळणारे चार्ली मॅकब्राइड १९७७ ते १९९९. आज कुठल्याही विद्यापीठात सहायक कोच तीन वर्षं टिकला तरी लोक नवल करतात.

दुसरं म्हणजे व्यायामशाळा. १९६९ मध्ये डेव्हेनींनी बॉइड एपली नावाच्या पोल व्हॉल्टच्या खेळाडूला वजनं उचलायला शिकवण्यासाठी पगारावर ठेवलं. तेव्हा बहुतेक कोच समजायचे की वजनं उचलली की अंग जड होतं, खेळाडू मंदावतो. नेब्रास्काने पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात केली. इतर संघांची मुलं उन्हाळ्यात सुट्टीवर, आणि इथली शेतकऱ्यांची पोरं बारखाली घाम गाळतायत. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचा परिणाम दिसायचा. समोरचे संघ तेव्हा अक्षरशः वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभे असायचे.

तिसरं वॉक-ऑन. स्कॉलरशिप न घेता, स्वतःच्या पैशाने शिकत संघात येणारा मुलगा म्हणजे वॉक-ऑन. लहानपणापासून रेडिओवर सामने ऐकलेला नेब्रास्काचा पोरगा दुसऱ्या कॉलेजची स्कॉलरशिप नाकारून इथे फुकट खेळायला यायचा. त्यामुळे दीडशेच्या वर मुलं सरावाला. ऑस्बर्न एकाच वेळी मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार सराव चालवायचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या मुलालाही रोज तितकाच हात चालवायला मिळायचा, जितका पहिल्याला. तीन वर्षं असा घासलेला मुलगा मग मैदानात उतरला की टीव्हीवरचे समालोचक विचारायचे, हा कुठून आला?

आणि या सगळ्यावर त्यांचा ऑप्शनचा खेळ. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेने पळतो. मधल्या फुलबॅकला द्यायचा, स्वतः ठेवायचा की शेवटच्या क्षणी बाजूच्याला फेकायचा हे समोरच्या बचावपटूच्या पायाकडे बघून ठरवतो. प्रतिस्पर्ध्याला हे वर्षातून एकदाच बघायला मिळायचं, तयारीला आठवडाच. इथे चार वर्षं तेवढंच घोटलेलं.

आता यातलं आज काय उरलंय? व्यायामशाळा सगळ्यांकडे आहे, बऱ्याच ठिकाणी आपल्याहून चांगली. स्कॉलरशिपची मर्यादा १०५ वरून ९५ आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली, म्हणजे मोठ्यांकडे साठून राहणारी मुलं सगळीकडे वाटली गेली. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टीव्हीवरची मक्तेदारी मोडली. पूर्वी देशभर दिसणाऱ्या थोड्या संघांत आपण होतो, आता सगळेच दिसतात. म्हणजे ओमाहाकर, सोलिच यांना काढायला नको होतं हे मला शंभर टक्के मान्य, पण त्यांना ठेवलं असतं तरी हे पाणी ओसरतच होतं. २००२ मध्ये त्यांच्याच हाताखाली आपण ७-७ होतो.

निळीपिवळी (ॲन आर्बर)

मिशिगनकडून दोन शब्द. १९९७ चं विजेतेपद आपण वाटून घेतलं होतं, तेव्हा भाऊबंदच म्हणायचे. त्यानंतर आमचाही वनवास झाला. पण २०२० मध्ये जिम हार्बॉ यांचा संघ २-४ असा कोसळला तेव्हा विद्यापीठाने त्यांना काढलं नाही, पगार जवळजवळ निम्मा केला आणि ठेवलं. पुढच्याच वर्षी आम्ही ओहायो स्टेटला हरवलं, २०२३ मध्ये १५-० ने विजेते झालो. दुसऱ्या संघाच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणाचा डाग त्या काळावर आहे, तो मी लपवणार नाही; मलाही तो सलतो. पण धीर धरला म्हणून फळ मिळालं हे खरं. ऑस्बर्न यांना तरी पहिलं विजेतेपद कितव्या वर्षी मिळालं? बाविसाव्या. त्याआधी सलग सात बाउल हरले होते ते. आज असं कोणाला ठेवतील?

ओमाहाकर

निळीपिवळी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ऑस्बर्न यांच्याबद्दल लोक तेव्हा कुजबुजायचे, हा मोठा सामना जिंकू शकत नाही म्हणून. जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बाउलची गोष्ट मला इथल्या जुन्या सहकाऱ्याने सांगितली होती. मायामी ३१, आपण ३०, टचडाउन नुकताच झालेला. एक गुणाची किक मारली की बरोबरी, आणि बरोबरीवरही विजेतेपद बहुधा आपल्यालाच मिळालं असतं. ऑस्बर्न दोन गुणांसाठी गेले. पास हाताला लागून खाली पडला. सांगताना त्या माणसाच्या आवाजात हरल्याची खंत नव्हती, अभिमान होता. आमच्या कोचने बरोबरी मागितली नाही, असं म्हणाला.

पण धीराचं म्हणाल तर आपण तोही धरून पाहिला. बो पेलिनी सात वर्षं, दरवर्षी नऊ-दहा विजय आणि चार पराभव. त्यांना २०१४ मध्ये काढलं, ती चूक होती असं आता बहुतेक जण म्हणतात. मग माइक रायली, १९-१९. आणि मग स्कॉट फ्रॉस्ट. त्यांना साडेचार वर्षं दिली.

लिंकनवासी

फ्रॉस्टबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही, जरी लिहिताना जड जातं.

फ्रॉस्ट म्हणजे आपल्याच मातीतला मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून घरी आला. २०१८ मध्ये लिंकनमधल्या दुकानांत, बँकेत, दवाखान्यात त्याचेच फोटो. माझ्या मेकॅनिकने काउंटरमागे १९९७ चा जुना टी-शर्ट टांगला होता. सगळ्यांना वाटलं, रक्ताचा वारस आला, आता घर सावरेल.

पहिले सहा सामने हरलो. एकूण १६ विजय, ३१ पराभव. आणि हरायची रीत इतकी जीवघेणी! २०२१ मध्ये ३-९, पण नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने. दर शनिवारी चौथ्या क्वार्टरपर्यंत आशा, मग एखादी किक हुकायची, एखादा चेंडू निसटायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ ने घरच्या मैदानावर हरलो. दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर करार मोडण्याची रक्कम निम्मी झाली असती, तेवढंही थांबले नाहीत.

त्या सामन्याला मी होतो. उत्तरेच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर कायम एक आजोबा असायचे. कानाला लहानसा रेडिओ, कारण समोर दिसतंय ते रेडिओवर ऐकल्याशिवाय त्यांना खरं वाटायचं नाही. १९६० च्या दशकापासूनची तिकिटं, वडिलांकडून आलेली. हातात कागदात गुंडाळलेली रन्झा, म्हणजे कोबी आणि मांसाचं सारण भरलेला पाव. तिचा अर्धा तुकडा मला न विचारता पुढे करायचे. सामना संपला, लोक खाली मान घालून निघाले. आजोबा उभे राहिले आणि जॉर्जिया सदर्नची मुलं बोगद्याकडे जात होती त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आसपासच्या बऱ्याच जणांनी वाजवल्या. पाहुणा संघ जिंकून जाताना टाळ्या वाजवायची इथली जुनी पद्धत आहे. स्टेडियमच्या दारांवर कोरलेलं वाक्य, या दारांतून कॉलेज फुटबॉलचे सर्वांत थोर चाहते आत जातात अशा अर्थाचं, मला त्या दिवशी पटलं.

फ्रॉस्टच्या काळाने मला एवढं शिकवलं की जुना माणूस आणला म्हणून जुना काळ येत नाही. आपण पंधरा वर्षं १९९५ शोधत बसलो.

बर्फातली_चिमणी (मिनियापोलिस)

लिंकनवासी, आजोबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी मिनेसोटाची, म्हणून वेगळं सांगते. आमच्याकडे १९३४, ३५, ३६, ४०, ४१ आणि १९६० अशी राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. बिग टेनचं शेवटचं अजिंक्यपद १९६७ चं, तेही वाटून घेतलेलं. आज देशात कोणाला हे ठाऊकही नाही. शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला १९३५ मध्ये पहिला हाइझमन मिळाला आणि चार वर्षांत त्यांनी फुटबॉलच बंद केलं. म्हणजे सगळीच घराणी परत येत नाहीत. काही कायमची जातात आणि जग चालू राहतं. आम्ही तुम्हाला २०१९ पासून सलग सहा वेळा हरवलंय, २०२५ मध्ये २४-६ असं. तुमच्या आजोबांना मिनेसोटाकडून पुन्हा पुन्हा हरणं कसं वाटलं असेल, मला कल्पना आहे.

आणि जुने दिवस म्हणताना एक बाजू विसरू नका. १९९५ च्या त्या थोर संघात लॉरेन्स फिलिप्स होता. पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याच्या प्रकरणात त्याला निलंबित केलं, आणि त्याच हंगामात परत घेऊन फ्लोरिडाविरुद्ध खेळवलं. त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की ६२-२४ वेगळं दिसतं. तसे दिवस परत येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

उलट ३० ऑगस्ट २०२३ आठवा. त्याच मेमोरियल स्टेडियममध्ये नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला ९२,००३ लोक आले. महिलांच्या खेळासाठी जगातली सर्वांत मोठी गर्दी म्हणून तेव्हा ती गाजली. मी त्यासाठी मिनियापोलिसहून गाडीने आले होते. माझ्यापुढे एक बाप दोन छोट्या मुलींना खांद्यावर आलटून पालटून घेत होता. मोठेपण म्हणतात ते तुमच्या गावात आहे की. फक्त ते फुटबॉलमध्येच शोधायचं, असं का?

ओमाहाकर

चिमणीताई, फिलिप्सच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. ऑस्बर्न म्हणायचे, संघाबाहेर काढलं तर तो मुलगा पूर्ण वाया जाईल. हेतू चांगला असेलही. पण मी दोन मुलींचा बाप आहे, आणि आज मागे बघताना ते गिळता येत नाही. तेव्हा मी काहीच म्हटलं नव्हतं, हेही खरं.

व्हॉलीबॉलच्या त्या रात्री धाकटी माझ्याबरोबर होती. तिने मला विचारलं, बाबा, फुटबॉलला पण एवढे लोक येतात? मी म्हटलं, बाळा, ते रोजचंच आहे. मग माझं मलाच वाटलं, ते हरत असतानाही रोजचंच आहे.

ह्यूस्टनवाला

पण मूळ मुद्दा राहिला. इंडियानाचं काय? माझा भूगोलाचा युक्तिवाद त्यांनी मोडला, हे मला मान्य करावं लागेल. कोच कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस आले, २०२४ मध्ये ११-२, २०२५ मध्ये विजेते. खाण वगैरे काही नाही शेजारी.

लिंकनवासी

तिथेच माझी आशा आहे, म्हणून तर धागा काढला.

दोन गोष्टी बदलल्या. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. म्हणजे आता सतरा वर्षांच्या पोराच्या घरच्या अंगणात जाऊन बसण्याइतकंच महत्त्व बावीस वर्षांच्या, हात बसलेल्या खेळाडूला नेमका हेरण्याला आलंय. सिग्नेटींनी तेच केलं. आपल्या जुन्या विद्यापीठातले खेळाडू सोबत आणले, नावापेक्षा कामगिरी बघितली. पैसा आपल्याकडे आहे. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि आपलं स्टेडियम भरलेलंच असतं.

याची दुसरी बाजूही आहे. संघात आता १०५ चीच मर्यादा, म्हणजे दीडशे मुलांचा तो जुना सराव इतिहासजमा. शेतकऱ्याच्या पोराला तीन वर्षं घासायला कोणी थांबत नाही, आणि घासून तयार झालेला पोरगा दुसरीकडे जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या मोठेपणाचा गाभा तोच होता.

२०२३ पासूनचे आपले कोच मॅट रूल यांच्याबद्दल माझं मत: भले माणूस, पाया नीट घातला. टेंपलमध्ये पहिल्या वर्षी २-१०, तिसऱ्या वर्षी १०-४. बेलरमध्ये १-११ वरून तिसऱ्या वर्षी ११-३. म्हणून २०२५ कडे आम्ही डोळे लावून होतो. इथे २०२३ मध्ये ५-७, २०२४ मध्ये ७-६ आणि न्यूयॉर्कला बोस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवून आठ वर्षांनी विजयी हंगाम. मग तिसरं वर्ष आलं, आणि परत ७-६. आयोवाने ४०-१६ ने, यूटाने ४४-२२ ने धुतलं. २०१६ मध्ये ओरेगनला हरवलं त्यानंतर २०२५ संपेपर्यंत एकाही क्रमांकित, म्हणजे देशातल्या पहिल्या पंचवीसांतल्या, संघाला आपण हरवलेलं नाही. ज्या इंडियानाने २०२४ मध्ये आपल्याला ५६-७ ने चिरडलं, ती पुढच्या वर्षी विजेती झाली. म्हणजे दोघं एकाच वाटेवर निघालो होतो असं म्हणायचीही सोय नाही.

तरी माझं उत्तर होय आहे, पण पाच वर्षांत ६०-३ असं नव्हे. ते आता कोणालाच जमणार नाही, अलाबामालाही नाही. बारा संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, जाणं, डिसेंबरातला एखादा बाद फेरीचा सामना लिंकनमध्ये, बर्फात, लाल कोट घातलेल्या नव्वद हजारांसमोर होणं, हे होऊ शकतं. त्यासाठी रूल यांनी पाया पुरे करून भिंती उभारायला हव्यात. मधल्या फळीतली मोठी, अनुभवी माणसं आणायला हवीत. आयोवा आणि मिनेसोटा आपल्याला दरवर्षी तिथेच ढकलतात, चेंडूच्या पुढच्या दोन यार्डांत. एकेकाळी ते दोन यार्ड आपले होते.

नवखा

सगळं दोनदा वाचलं. फार छान समजावलंत. माझ्या खोलीतल्या मुलाला मी फ्रेझरच्या धावेबद्दल विचारलं तर त्याने लगेच फोनवर लावून दाखवली. त्याचा जन्म २००४ चा आहे. त्याने नेब्रास्काला काही मोठं जिंकताना कधी पाहिलेलंच नाही, तरी प्रत्येक खेळाडूचं नाव पाठ. एक विचारू? ते रेडिओवाले आजोबा अजून येतात का?

लिंकनवासी

नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी मे महिन्यात भेटलो होतो, तेव्हा पुढचा सामना कोणत्या तारखेला आहे हेच विचारत होते. न्यूयॉर्कचा तो विजय त्यांना दिसला नाही.

त्यांची जागा आता नातीकडे आहे. ती नर्स आहे, शनिवारी कामाची पाळी असली की मला तिकीट देऊन ठेवते, जागा रिकामी राहू द्यायची नाही अशी आजोबांची ताकीद होती म्हणून. २०२५ मध्ये मिशिगनच्या सामन्याला ती होती, ३०-२७ ने हरलो तो. तिने पर्समधून तोच रेडिओ काढला आणि बॅटरी संपली आहे का ते कानाला लावून पाहिलं.

सप्टेंबरात एक शनिवार तिला नक्की सुट्टी नसणार. तारीख कळली की इथेच लिहितो. नवखा, तुम्ही या. लाल काहीतरी घाला, आणि सकाळी लवकर या, म्हणजे आधी रन्झा घेता येईल. मध्यंतरात रांग फार लांब असते.